सलीममामांचं लायसन

हे मी आजवर कोणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, वडिलांच्या नाही. ज्या माणसाशी मी असं वागलो त्यालाही मी स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलं नाही. तुम्ही पहिले. तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट माहीत नाही — कदाचित तुम्ही समोर बसलेले नाही म्हणून. तोंड बघावं लागत नाही.

पण आधी मला माझा राग सांगू द्या. राग सांगायची मला सवय आहे.

मी शिरूर तालुक्यातला छोटा विद्युत ठेकेदार. कारेगावात एका शटरचं ऑफिस, चार माणसं, एक टेम्पो. आमच्यासारख्यांची कुठली संघटना नाही. मोठ्या ठेकेदारांची आहे, त्यांना मंत्रालयात खुर्ची मिळते. नियम बदलला की आम्हाला तो कंपनीच्या गेटवर कळतो, वॉचमनकडून.

आणि नियम काय? वायरिंगला हात लावायचा तर वायरमनचा परवाना हवा, ज्याला आम्ही परमिट म्हणतो. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर आयटीआय करून शिकाऊ उमेदवारी केलेली हवी, नाहीतर लायसन असलेल्या ठेकेदाराच्या हाताखाली ठरावीक वर्षं काम केल्याचा त्याच्या सहीचा दाखला हवा. ऐकायला यात काही वाईट नाही. विजेचं काम आहे, चुकलं तर माणूस मरतो. पण गावोगावी हे काम उभं केलं ते कोणी? ज्यांनी केलं ते अशाच एखाद्या मिस्त्रीजवळ शिकले, ज्याच्याकडे स्वतःलाच लायसन नव्हतं. त्यांची वर्षं कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत. ती सरकारने मोजायची कशी? तर मोजायचीच नाहीत. संपला विषय. चाळीस खेड्यांत ज्याने मीटर बसवले तो कागदावर काल जन्मलेला, आणि ज्याला टेस्टरने फेज कुठला ते सांगता येत नाही त्याच्या खिशात परमिट!

बघा, लगेच आवाज चढला माझा. हा राग खोटा नाही. आजही नाही. मी इतकंच सांगतोय — त्या खऱ्या रागाच्या आडोशाला मी पाच वर्षं बसून होतो.

सलीममामांबद्दल सांगतो.

माझे वडील भांडगावला, पुणे-सोलापूर हायवेवर पंक्चर काढतात. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. अकरावीला मला शिरूरला मावशीकडे ठेवलं. त्या वर्षी मावशीच्या घराचं फिटिंग करायला सलीममामा आले. सगळं शिरूर त्यांना मामाच म्हणतं. तीन पिढ्यांपासून त्यांचं घर गावातलंच, शाळा सातवीपर्यंत. मी नुसता बघत उभा होतो, तर शिडीवरून म्हणाले, "बघत काय बसलायस, पक्कड दे की. फुकटची करमणूक हाय व्हय ही?"

तेव्हापासून प्रत्येक सुट्टी मी त्यांच्यामागे काढली. मला मोटरचा आवाज ऐकायला त्यांनी शिकवलं. एका विहिरीवर अर्धा दिवस स्टार्टरशेजारी बसवून ठेवलं होतं — "जळायच्या आधी ती कुरकुर करती. कान दे." अर्थिंगचा खड्डा घेतला की मीठ-कोळसा भरून, पाणी ओतून, मीटर लावून आकडा बघितल्याशिवाय ते जागचे हलायचे नाहीत. मालक घाई करायचा. मामा म्हणायचे, "तुमच्या म्हशीला विचारतो, तिला घाई हाय का." पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो तेव्हा जे सूत्र फळ्यावर आलं, ते आधी माझ्या बोटांना माहीत होतं. मी पदवीधर झालो यात माझ्या शिक्षकांचे उपकार आहेत, वडिलांच्या काळ्या हातांचे आहेत, आणि त्याच मापाने मामांचे आहेत. हे मी सगळीकडे सांगतो. सत्काराला उभा राहिलो तरी सांगतो. म्हणून तर पुढचं सांगणं इतकं जड जातंय.

ठेकेदारीच्या लायसनसाठी मलाही अनुभवाचा दाखला लागला. माझा अनुभव मामांजवळचा, म्हणजे शून्य. तेव्हा मामाच मला त्यांच्या मोटरसायकलवर दौंडला घेऊन गेले, स्टेशनजवळच्या एका लायसनवाल्या ठेकेदाराकडे. त्या गृहस्थाने मला जन्मात बघितलं नव्हतं. मामा तासभर त्याच्यापुढे हात जोडून उभे. "पोरगं लय हुशार हाय. शिकवायचं ते मी शिकवलंय, तुम्ही निस्ती सही करा."

त्याने माझ्या मार्कशीटवरचं नाव वाचलं, मामांच्या टोपीकडे पाहिलं. "तुम्ही कोण याचे?"

"मामा हाय त्याचा."

"असं व्हय? सख्खे?"

"सख्ख्याला एवढा वेळ असतोय का, साहेब?"

तो हसला आणि सही केली. दोन वर्षं मी त्याच्या हाताखाली होतो असं त्या कागदावर आहे. परत येताना मामांनी मुद्दाम भांडगावकडे गाडी वळवली, वडिलांना सांगायला. वडील पाया पडायला वाकले तर मामा मागे सरकून ओरडले, "अवो, ग्रीसचा हात हाय, पँट धुवायला तुम्ही येणार काय?" वडील किती वर्षांनी असे खळखळून हसले होते!

म्हणजे माझा दाखला खोटा होता आणि तो मला मामांनी मिळवून दिला. लक्षात ठेवा हे. मी विसरलो.

लायसन आलं, ऑफिस उघडलं, मामा माझ्याकडे कामाला आले. तीन वर्षं गेली. एक दिवस एका कांद्याच्या शेडवर काम चालू होतं. डबा खाता खाता ते सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "आता तुझ्याकडं लायसन हाय. वर्षंबी भरली. मला दे की दाखला. म्हातारपणी परीक्षा देतो."

त्या दाखल्याचा नमुना तुम्ही बघितलेला नसेल. त्यात लिहावं लागतं की सदर उमेदवाराने माझ्या देखरेखीखाली काम शिकले. माझ्या! मी त्यांना वाचून दाखवलं, मला वाचताना लाज वाटली. मामा खो खो हसले. "लिही की इंजिनेर. त्यात काय? लेकाजवळ बाप शिकला, झालं."

ते स्टुडिओत जाऊन इस्त्रीच्या शर्टात फोटो काढून आले. शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला — सातवी पास, कागद घडीवर फाटलेला. फॉर्मवर त्यांनी सही केली, जीभ दातात धरून, हळूहळू. मग दोन्ही हातांनी ती फाईल मला दिली.

मी ती कपाटात ठेवली.

झालं. सांगितलं. मी ती कधीच पाठवली नाही. माझ्या बाजूचा दाखला मी लिहिलासुद्धा नाही.

का? मी स्वतःला किती कारणं दिली म्हणून सांगू! हंगाम आहे, पुढच्या आठवड्यात पुण्याला जाईन तेव्हा देईन. मग — तो नमुनाच अपमानाचा आहे, गुरूला शिष्य म्हणून लिहायचं हे माझ्याच्याने होणार नाही. हे तर मला फार आवडलं होतं. आदर म्हणून मी त्यांचा अर्ज दाबून ठेवला! लोक स्वतःशी इतकं खोटं बोलू शकतात यावर मी एरवी विश्वास ठेवला नसता.

खरं कारण असं. त्याच आठवड्यात एका पोल्ट्रीवाल्याचा फोन आला. शेड नवीन होती, काम मोठं होतं. तो म्हणाला, "सर, तुम्ही नाही आलात तरी चालेल, मामांना पाठवा." मी फोन ठेवला आणि मोजायला बसलो, गिऱ्हाइकं कोणाची? एकूण एक मामांची. माझी होती फक्त सही. मामांना परमिट मिळालं तर कुठलाही ठेकेदार त्यांना उद्या डोक्यावर घेईल. मग मी काय करणार? कारेगावात डिग्री फ्रेम करून बसणार? मला भीती वाटली. एवढंच. पंक्चरवाल्याच्या मुलाला परत मागे जायची जी भीती असते ती. मला ती माहीत आहे, म्हणून ती माफ होते का?

पंधरा दिवसांनी मामांनी विचारलं, "गेली का फाईल?"

"गेली."

एक शब्द. तो तोंडातून गेल्यावर पुढची वर्षं नुसती त्याला टेकू लावण्यात गेली. फाईल मुंबईला गेली आहे. परवाना मंडळाची बैठक झाली नाही. साहेब बदलले. लॉकडाऊन तर माझ्या मदतीलाच धावून आला, दोन वर्षं मला नवीन काही सुचावं लागलं नाही. मामांनी दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचं आणि मी चिडून सरकारला शिव्या घालायच्या. मी खूप छान चिडायचो. टेबलावर हात आपटायचो. "या लोकांना कष्टाची किंमत नाही मामा!" तेच उलट मला शांत करायचे. "जाऊ दे रं, बीपी वाढंल तुझं. येईल कवातरी."

मग रांजणगावच्या एका कंपनीचं काम मिळालं. गेटवर सेफ्टीवाल्याने परमिट मागितलं. ज्यांच्याकडे नाही त्यांना गेटपासच्या कार्डावर हेल्पर लिहिल्याशिवाय आत सोडत नव्हते. कार्डाचा फॉर्म मी भरला. माझ्या अक्षरात — सलीम, वय सत्तावन्न, हेल्पर. मामांनी कार्ड गळ्यात घातलं, लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "नातवाला दाखवतो. म्हणावं बघ, आज्जाला बढती मिळाली."

हेल्परला पॅनेलरूममध्ये जायची परवानगी नाही. मी आत, मामा बाहेर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, दुपारच्या उन्हात. आत ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत होता, लाईन जात होती. मला काही केल्या दोष सापडेना. शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलो आणि त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "लोड टाकल्यावर पडतोय का टाकायच्या आधी?" मी म्हणालो, टाकल्यावर. "मंग न्यूट्रल बघ. दुसरीकडचा आणून बांधला आसंल कुणीतरी." तसंच होतं. मॅनेजरने माझा हात हातात घेतला, म्हणाला, डिग्रीचा फरक पडतो. मी थँक यू म्हणालो. त्या पत्र्याखाली एक माणूस बसलाय, त्याला जाऊन थँक यू म्हणा, असं मी म्हणालो का? नाही. आणि ते कार्ड दरवर्षी नवीन करावं लागतं. मी दरवर्षी केलं.

तुम्हाला वाटत असेल, इतकं झाल्यावर माणूस गुपचूप फाईल पाठवून देतो. मलाही वाटायचं. पण जसजसा उशीर झाला तसतशी ती पाठवणं म्हणजे आधी पाठवली नव्हती हे कबूल करणं झालं. मी रोज थोडा थोडा अडकत गेलो आणि रोज थोडा थोडा जास्त चिडत गेलो — नियमांवर, ऑफिसांवर, मोठ्या ठेकेदारांवर. माझ्या रागाची ख्याती झाली. लोक म्हणू लागले, हा बोलतो.

म्हणूनच गेल्या थंडीत शिरूरच्या एका मंगल कार्यालयात आमच्यासारख्या सुट्या ठेकेदारांनी आणि वायरमन लोकांनी मेळावा घेतला, तेव्हा बोलायला मला उभं केलं. परवान्याचं काम बघणारे एक अधिकारी येणार होते, त्यांना निवेदन द्यायचं होतं. सकाळी अकराची वेळ, दोनेकशे माणसं, पुढच्या रांगेत मामा — तोच फोटोतला शर्ट.

मी बोलत गेलो. टाळ्या पडत गेल्या. टाळ्यांचं कसं असतं, त्या पुढचं वाक्य तुमच्याकडून ओढून काढतात. मी हात लांब करून मामांकडे दाखवलं. म्हणालो, "हा माणूस बघा. मी इंजिनिअर आहे, मला यांनी घडवलं. यांचा अर्ज पाच वर्षं सरकारकडे धूळ खात पडलाय. पाच वर्षं! मी स्वतः पाठवलाय. कोण उत्तर देणार याचं?"

अख्खं कार्यालय उभं राहिलं.

अधिकारी शांत माणूस होता. त्याने खिशातून पेन काढलं. "तुमचं म्हणणं बरोबर असेल तर मला लाज वाटते," तो म्हणाला. "अर्जाचा क्रमांक द्या. पोचपावती असेल ना? मी इथूनच फोन लावतो."

माईक माझ्या हातात होता. मला माझाच श्वास स्पीकरमधून ऐकू येत होता.

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला मोटर ऐकायला शिकवलं होतं, माझ्यात त्यांना काय ऐकू आलं असेल? मग ते उठले.

"साहेब, पोच माझ्याकडं दिली व्हती पोरानं," ते म्हणाले. "माझ्याकडनं हरवली. घर सारवताना गेली कुठंतरी."

त्यांच्याकडे कधीच कुठली पोच नव्हती. त्यांच्या घराला फरशी आहे, सारवण नाही.

अधिकाऱ्याने पेनचं टोपण लावलं. "हे असं असतं बघा. कागद सांभाळायचा नाही आणि शिव्या सरकारला." मागून कोणीतरी म्हणालं, "मामा, बिडीला वापरली काय?" सगळे हसले. मामाही हसले. डोकं खाजवत, खुळ्यासारखे, दोनशे माणसांपुढे, ज्यातल्या निम्म्यांना त्यांनी पक्कड धरायला शिकवली होती. अधिकारी म्हणाला, जुना अर्ज शोधायला लावतो, नाही सापडला तर नवा करा, मी स्वतः लक्ष घालतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माईक खाली ठेवला आणि बसलो. बसलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाखला लिहिला. जो लिहायला पाच वर्षं लागली तो वीस मिनिटांत झाला. सही, शिक्का. नवा फॉर्म घेतला आणि मामांच्या घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो, रस्त्यात वाक्यंसुद्धा जुळवली होती. तिथे गेल्यावर नुसता कागद पुढे केला. "मामा, एवढी सही करा. मी आजच नेऊन देतो."

त्यांनी चष्मा लावला. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून सगळा दाखला वाचला. शिक्क्यापाशी येऊन बोट थांबलं.

"ही तारीख आजची?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली. आवाज अजिबात चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "ह्यो कागद त्या साहेबाच्या टेबलावर गेला की त्यो जुना अर्ज हुडकून ताडून बघंल. रजिस्टरला जुना न्हाईच, मंग म्हणंल, दाखला आज दिला, मंग पाच वर्षांमागं काय पाठवलं व्हतं? भर सभेत वरडलायस तू. तुझं लायसन काढून घेतील." मग ती घडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "दोन पोरी हायेत तुला. मला काय करायचं आता? साठी आली. डोळ्याला बारीक दिसत न्हाई. ने परत."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं — जाऊ दे माझं लायसन, ते तसंही तुमचंच होतं, करा सही. वाक्य तोंडात तयार होतं. मी ते म्हणालो नाही. मी हात पुढे केला आणि कागद घेतला.

आतून मामी म्हणाल्या, चहा टाकलाय, घेऊन जा. मी बसलो. मामांनी बशीत ओतून घेतला, मी कपाने घेतला, आणि उद्याच्या कामाला टेम्पो किती वाजता आणू असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आठला.